एका कुंडीतली नऊ झाडं

१२ जानेवारी

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील, आणि तरी उघडलंस, म्हणजे माझं अर्धं काम झालं.

घाबरू नकोस. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही, तुझ्याकडून काही हवंय असंही नाही. चार वर्षांपूर्वी तुम्ही दोघांनी कोर्टात सह्या केल्या आणि मी तुझी सासू राहिले नाही, हे मला नीट ठाऊक आहे. पत्ता तुझ्या मावशीकडून घेतला. ती आधी नाही म्हणाली, मग म्हणाली, "झाडाबद्दलच लिहिणार असाल तर देते." तेव्हा झाडाबद्दलच लिहिते.

तुझ्या पामला फुलं आलीत.

तू जाताना बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी जी कुंडी राहिली, तीच. दोन वेळा फेकायला काढली होती. एकदा जिन्यापर्यंत नेलीही. पानांची टोकं तपकिरी झालेली, खाली पिठ्या ढेकणांची पांढरी कीड, एकूण अवतार असा की बघवेना. पण तीस वर्षं लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधण्यात गेली माझी. जिवंत वस्तू टाकून द्यायला हात धजावत नाही.

आपल्या कोपऱ्यावर सलून आहे, आठवतं? त्याच्या काचेत एक पाम असायचा, हिरवागार, गुडघ्याएवढाच पण कसा ऐटदार. एक दिवस तुझी कुंडी कडेवर घेऊन आत शिरले. पुरुषांच्या सलूनमध्ये आयुष्यात पहिल्यांदा. अर्धी दाढी झालेला एक माणूस आरशातून असा बघायला लागला की जणू मीच वस्तरा घेऊन आलेय. सलूनवाल्यांनी कुंडी हातात घेतली, माती बोटाने उकरली आणि म्हणाले, "बाई, हे एक झाड नाही. मोजा."

मोजली. नऊ निघाली! दुकानात कुंडी भरगच्च दिसावी म्हणून एकाच कुंडीत नऊ रोपं कोंबलेली. एकमेकांचं पाणी पीत, एकमेकांना ढोसत बिचारी उभी होती. आम्ही ती सोडवली. मुळं हलवलेली पामला आवडत नाहीत, त्यामुळे चार गेली. पाच राहिली. त्यांतल्या तीन रोपांना आता मोहरीएवढे पिवळे मणी लागलेत, बारीक काडीवर ओवल्यासारखे.

तुझ्या वस्तूला फुलं आली तर तुला कळायला हवं. बास.

*

४ मार्च

कार्ड मिळालं. दोन ओळी का होईना, आल्या. "झाड तुमचंच आहे. मला परत नको." ठीक. पण झाड नको म्हणालीस, झाडाची बातमी नको असं काही म्हटलेलं नाहीस. तेव्हा लिहिते. नको असेल तर तेही कळव, मी पेन ठेवून देईन.

पाचांतली दोन नर निघाली आणि तीन मादी. या जातीत नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. सलूनवाले म्हणाले, घरात वारा नाही, किडा नाही, मग यांचं लग्न लावणार कोण? मी लावलं. दाढीचा साबण लावायचा एक जुना ब्रश त्यांनी दिला, त्यातले चार केस ठेवून बाकीचे कापले, आणि रोज सकाळी नराच्या फुलावरून मादीच्या फुलावर. हात अजून थरथरत नाही, हे बघून माझं मलाच बरं वाटलं. तुझे माजी यजमान आरशापुढे भांग पाडता पाडता म्हणाले, "आई, तू लग्नं लावायचं सोडलेलं नाहीस तर." मी हसले. तोही हसला. तू असतीस तर तूही हसली असतीस, आधी तोंड फिरवून.

आता माझ्याकडे बारा जातींचे पाम आहेत. सगळे बुटके. ताडमाड नकोत मला, छताला टेकणारं काही नको. बैठ्या झाडांचा नाद लागलाय. एक आहे पंख्याच्या पानाचा, बांबूसारख्या काड्यांचा, बुंध्यावर काथ्या गुंडाळलेला. त्याचीच पिवळ्या पट्ट्यांची जात आहे, तिचं प्रत्येक पान वेगळं. एकावर पट्टे जास्त, एकावर नावाला. तिच्या बाजूने फुटवा आला की आम्ही दोघं, म्हणजे मी आणि सलूनवाले, बारशाला आल्यासारखे वाकून बघतो. एक आहे फक्त वीतभर, दहा वर्षांचा. मुलांना उंची मोजायला उभं करतात तसं मी त्याच्यामागे पट्टी लावते. वर्षभरात करंगळीच्या नखाएवढा वाढला. मी त्याला म्हणते, सावकाश रे बाबा, मलाही कुठे घाई आहे.

सकाळी ओल्या फडक्याने एकेक पान पुसते. पानाखाली तळहात धरायचा आणि वरून फडकं फिरवायचं. सगळ्या कुंड्यांना दीड तास लागतो. त्या दीड तासात मी कुणाची कुणी नसते. इतकं बरं वाटतं की कधी कधी अपराधी वाटतं.

तू त्याच्याबद्दल विचारलं नाहीस. विचारू नयेसच. तरी सांगते, औषधांच्या दुकानातच आहे तो, पण आता काउंटरवर उभा राहत नाही. मागे गोदामात माल मोजतो. म्हणतो, तिथे शांत असतं.

*

२२ एप्रिल

यावेळी तुझं पत्र नाही, तरी लिहितेय.

सलूनवाले बहिणीकडे गेले होते पंधरा दिवस. जाताना त्यांचा सगळ्यात लाडका पाम माझ्याकडे ठेवून गेले. निळसर पानाचा. पान अखंड, फक्त शेवटाला माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं, आणि रंग असा की वाटावं पत्र्यातून कापलंय. सात वर्षांपूर्वी त्यांनी तो बीपासून वाढवायला घेतला. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पाण्याचा फवारा मारला की दुसरा त्याच्यावर. मला म्हणाले, "तुमच्याशिवाय कुणाच्या हाती दिला नसता."

हेच नडलं. इतका विश्वास टाकल्यावर मी त्याचं जरा जास्तच केलं. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, वरून फवारा. दहाव्या दिवशी पान पुसायला गेले आणि मधलं पान, शेंड्याचं, अजून न उलगडलेलं, अलगद माझ्या हातात आलं. ओढलं नाही गं मी. नुसता हात लावला. खालचं टोक काळं, मऊ, कुजका वास.

एका खोडाच्या पामला एकच शेंडा असतो. तो गेला की बाकीची पानं चार महिने हिरवी राहतील, पण झाड संपलं.

ते परत आले तेव्हा मी म्हटलं, "आधीपासूनच आत काहीतरी असणार. मी नेहमीसारखंच पाणी घातलं."

त्यांनी मान हलवली. "असेल," म्हणाले. "माझ्याकडूनच काही राहिलं असेल."

झालं ते एवढंच. एका झाडाची गोष्ट. पण लिहून ठेवावीशी वाटली.

*

९ मे

तू मावशीला म्हणालीस म्हणे, की आईंची पत्रं वाचते पण उत्तर काय द्यायचं कळत नाही. हे वाचून झाल्यावर कदाचित कळेल. खुर्चीवर बस आणि वाच.

परवा सलूनवरून जात होते. ते पायरीवर बसून कुंड्या रिकाम्या करत होते. चांगल्या, निरोगी पामच्या कुंड्या. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "माझ्या मातीतच रोग आहे बहुतेक. निळा त्यानेच गेला. बाकीचे जायच्या आत माती बदलतो. पाण्याचीही शंका येते. आता स्वतःवर भरवसा राहिला नाही, बाई." तीन कुंड्या झाल्या होत्या. मुळं उन्हात उघडी पडलेली.

मी तिथेच उभी राहून सांगितलं. "तुमची माती चांगली आहे. पाणीही चांगलं आहे. मी बुडवला तो. दिवसातून दोनदा पाणी घातलं आणि तुमच्याशी खोटं बोलले."

त्यांनी हातातली माती कुंडीत सोडली. मग म्हणाले, "आठ दिवस आधी सांगितलं असतंत तर हे तिघे वाचले असते." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हात झटकून उठले आणि आत गेले, गिऱ्हाईक वाट बघत होतं.

मी घरी आले. तो गोदामातून येऊन खिडकीपाशी बसला होता. त्याला बघितलं आणि मी कागद-पेन काढलं.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. चार महिने झाडांच्या आडून लिहितेय तुला, ते याच्यासाठीच.

तुझं नेमणुकीचं पत्र मी लपवलं होतं.

त्या नदीवरच्या पुलाच्या कामाचं, ज्याची तू आठ महिने वाट बघत होतीस. पंधरा दिवसांत सही करून होकार पाठवायचा होता. ते दुपारच्या टपालाने आलं, घरात मी एकटी होते. पाकिटावरून समजलं काय आहे ते. दोन वर्षं तू त्या दूरच्या गावी जाणार, मग हाही तुझ्या मागोमाग जाणार, आणि मी या खिडकीत बसून जिन्यावरची पावलं मोजणार. म्हटलं आज नको, उद्या देते. उद्या म्हटलं परवा. मग तारीखच निघून गेली, आणि मग द्यायचं तरी कसं? माझ्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवलं, पडद्यांच्या घडीखाली.

कंपनीतून तुला कळलं की पत्र गेलं होतं. तू त्याला धरलंस. "तूच लपवलंस. मी गेलेलं तुला नकोच होतं." तो शपथा घेत राहिला. मी पलीकडच्या खोलीत पडद्याला हूक लावत होते. एकेक शब्द ऐकला. बाहेर आले नाही.

पण खरं पाप त्याच्या नंतरचं आहे. तू गेल्यावर महिन्याभराने तो माझ्यापाशी येऊन बसला आणि म्हणाला, "आई, पत्र मीच घेतलं असेन का गं? घेऊन कुठेतरी ठेवलं आणि विसरलो असेन?" त्या क्षणी मी सांगू शकले असते. मी काय म्हणाले माहीत आहे? "असेल बाबा. विसराळू तर तू लहानपणापासून आहेस."

तेव्हापासून तो स्वतःवर विश्वास ठेवत नाही. काउंटरवर प्रत्येक गोळीची पट्टी तीन-तीन वेळा वाचायचा. लोक रांगेत ओरडायचे. शेवटी त्यानेच मालकाला सांगितलं, मला मागे पाठवा, माझ्या हातून कुणाला चुकीचं औषध जाईल. चाळीस वर्षांचा माणूस, कधी एक गोळी चुकली नाही त्याची. हे मी रोज बघितलं आणि पानं पुसत बसले.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. तुला सांगितलं. त्याला अजून सांगितलेलं नाही, तेवढी हिंमत गोळा होत नाहीये.

*

२ जून

आई,

तुमचं पत्र मी आठ दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. साइटवर, बसमध्ये, मीटिंगमध्ये. शिव्या द्यायच्या होत्या. तयारही केल्या होत्या, चांगल्या निवडून. पण मग मलाही एक गोष्ट लिहावी लागली असती, म्हणून थांबले.

ते पत्र मला सापडलं होतं.

तारीख गेल्यानंतर पाचव्या दिवशी. सुईदोरा शोधत होते, तुमचा खण उघडला. पडद्यांखाली पाकीट होतं. मी ते वाचलं, तसंच घडी करून परत ठेवलं आणि खण बंद केला. म्हणजे त्या संध्याकाळी मी त्याच्यावर ओरडले तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं की त्याने काही केलेलं नाही.

तरी ओरडले. कारण तुमच्यावर ओरडले असते तर तो मध्ये पडला असता, "मी बोलतो आईशी" म्हणाला असता, तुम्ही रडला असतात, मी गप्प झाले असते आणि सगळं मिटलं असतं. मला मिटायला नको होतं, आई. मला जायचं होतं. कधीपासून जायचं होतं. तो वाईट नव्हता, तुम्हीही नव्हतात, आणि वाईट नसलेल्या घरातून बाहेर कसं पडायचं ते मला येत नव्हतं. तुम्ही मला कारण दिलंत. मी ते उचललं आणि त्याच्या माथी मारलं.

माझं जाणं तुमच्या नावावर लिहू नका. ते माझं आहे. पण तो गोदामात बसलाय ते आपल्या दोघींचं आहे. मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, तो मला शिव्या देत मजेत असेल.

येत्या चौदा तारखेला रविवार आहे. मी येते. दोघी मिळून सांगू. तुम्ही एकट्या सांगायला जाऊ नका, अर्धवट सांगाल आणि सगळं स्वतःवर घ्याल. मी ओळखते तुम्हाला.

आणि झाडं देऊ करू नका. माझ्या खोलीत ऊन येत नाही.

*

६ जून

ये.

ऊन येत नाही ही सबब चालणार नाही. यातल्या निम्म्या जाती मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणाऱ्या आहेत. सरळ उन्हात ठेवलं तर करपतात.

त्याला फक्त एवढंच सांगितलंय की तू येणार आहेस. त्याने विचारलं, "कशाला?" मी म्हटलं, "आम्हाला दोघींना तुझ्याशी बोलायचंय." तर म्हणाला, "दोघी एका बाजूला? मग माझं काही खरं नाही." आणि कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

*

१० ऑगस्ट

तू गेल्यापासून दोन महिने होत आले. लिहायला उशीर केला, कारण अर्धी बातमी पाठवायची नव्हती.

तो दिवस तुझ्यासमोरच झाला, पण तुझी बस निघाल्यानंतरचं तुला माहीत नाही. आणि एक गोष्ट तेव्हा तुला म्हणता आली नाही, ती आधी लिहिते. आपण दोघींनी सांगून संपवलं आणि त्याने जे विचारलं ना, "म्हणजे मी विसरलो नव्हतो?" ते माझ्या कानातून जात नाही. आपल्याला वाटलं होतं तो आधी चिडेल. तो आधी सुटला. चिडला नंतर.

आणि गॅलरीत तुमचं जे भांडण झालं! लग्नाच्या सहा वर्षांत त्याचा आवाज असा चढलेला मी ऐकला नव्हता. तू म्हणालीस "ओरड, ओरड, मी ऐकायलाच आलेय", आणि तो खरंच ओरडला. वरच्या मजल्यावरची बाई धुणं वाळत घालायच्या निमित्ताने तेच ते फडकं तीनदा झटकत होती. मी आत ओट्याला धरून उभी होते आणि, काय सांगू, मला बरं वाटत होतं. माणूस ओरडतोय म्हणजे आतून जिवंत आहे.

तुला बसमध्ये बसवून आम्ही दोघं परत आलो, पण तो माझ्याशी बोलला नाही. कपड्यांची पिशवी भरली आणि मित्राकडे गेला. नऊ दिवस. मी रोज पानं पुसली, पण पहिल्यांदाच त्यात मन लागलं नाही. दहाव्या दिवशी आला, समोर बसला आणि म्हणाला, "आई, तुझ्यावर रागावून तिकडे राहिलो आणि तिकडे झोप छान लागली. मी वेगळी खोली घेतोय." मी म्हटलं, "घे." तो म्हणाला, "रडणार नाहीस?" मी म्हटलं, "तू गेल्यावर बघते." हसू आलं त्याला, पण दाबलं त्याने. अजून पूर्ण द्यायला तयार नव्हता. बरोबरच आहे.

सामान हलवताना मी पट्टेवाली देऊ केली, नव्या फुटव्यासकट. म्हणाला, "नको. इतक्यात मला काही सांभाळायला देऊ नकोस." लागलं. पण खरं बोलला, आणि आमच्या घरात आता खरं बोललेलं चालवून घ्यायचं असं मी ठरवलंय.

जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून तो परत काउंटरवर आहे. मी औषध आणायच्या निमित्ताने जाऊन आले. मला बघून न बघितल्यासारखं केलं त्याने. पट्टी एकदाच वाचली, कात्रीने कापली, पुडीत घातली आणि "पुढचे" म्हणाला. मी रांगेतून बाहेर आले आणि फुटपाथवर उभी राहून डोळे पुसले. एकजण म्हणाला, "आजी, काही हवंय का?" म्हटलं, "नको, मिळालं."

सलूनवाल्यांचंही सांगते. तीन महिने ते माझ्याशी कामापुरतं बोलायचे. मागच्या मंगळवारी स्वतः दारात आले. खिशातून कागदाची पुडी काढली. निळ्या पामच्या तीन बिया, कुठल्याशा संग्राहकाकडून मागवलेल्या. म्हणाले, "दोन मी लावतो. एक तुम्ही लावा. पाणी मात्र मी सांगेन तेव्हाच." एका बीमागे माझ्यावर पहारा! मी लगेच कबूल झाले. बीला उगवायला सहा महिने लागतात, शोभा यायला सात वर्षं. मी सत्तरीला टेकलेय, पण त्यांनी हिशोब काढला नाही, मीही काढला नाही.

शेवटी नको नको म्हणत तू नेलेल्या त्या दोन पामचं कसं चाललंय? बसमध्ये मांडीवर कुंडी घेऊन बसलेली तू, आणि पान बाजूच्या माणसाच्या कानात. मी खालून बघत होते. इंजिनिअरबाईंनी मातीत बोट घालून बघावं, कोरडं लागलं तरच पाणी. प्रेमाने रोज घालू नये. हे मी मोल देऊन शिकलेय.

आता कालची गोष्ट, म्हणजे पत्र संपेल. रविवार होता. तो येणार असं काही ठरलेलं नव्हतं. अकराच्या सुमाराला बेल वाजली. त्याच्याकडे घराची चावी आहे, अजूनही आहे, मी मागितली नाही आणि त्याने दिली नाही. तरी बेल वाजवून तो बाहेर उभा होता, हातात पेपर, केस नीट विंचरलेले, पाहुण्यासारखा जरा अवघडून.

चाळीस वर्षं मी त्याला "ये" म्हणत आलेय. काल दार उघडलं आणि तोंडातून आपसूक आलं, "या."

त्याने पेपर माझ्या हातात दिला. मग चपला काढल्या, नीट एका बाजूला ठेवल्या आणि आत आला.